सासवडला दोन मुक्काम

2025 साली घट बसले 22 सप्टेंबरला. टॅक्स ऑडिटची मुदत 30 सप्टेंबरची, म्हणजे हिशेबतपासनिसांच्या कचेऱ्यांत नवरात्र आणि कामाचा कडेलोट एकाच आठवड्यात आले. ओळखीतल्या एक बाई ठाण्याहून फोर्टला अशाच एका कचेरीत जातात. वय चाळिशीच्या पुढे. नऊ दिवसांचा उपवास माहेरून आलेला, त्यामुळे तो सोडायचा प्रश्न नव्हता. जिमचे वर्षाचे पैसे भरलेले, त्यामुळे तीही सोडायची नव्हती. पहाटे साडेपाचला ट्रेडमिल, मग लोकल. डब्यात साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे वेफर्स, दिवसभर चहावर चहा. रात्री दहाला घर आणि सोसायटीत तोंड दाखवायला हवं म्हणून तासभर गरबा. तिसऱ्या दिवशी परतताना सीएसएमटीच्या सबवेत त्यांना भोवळ आली. शेजारच्या फळवाल्याने धरलं म्हणून डोकं फुटलं नाही.

मग सगळ्यांनी निदान केलं. नवऱ्याने उपवासाला बोल लावला. जिमच्या ट्रेनरने खिचडीला नावं ठेवली, प्रोटीन नाही म्हणाला. कचेरीतल्या साहेबांनी, 'या वयात जिमचं खूळ कशाला?' असं विचारलं. ज्याने त्याने स्वतः न करत असलेल्या गोष्टीवर खापर फोडलं आणि आपली गोष्ट तेवढी निर्दोष ठरवली. दुसऱ्या दिवशी सरकारने ऑडिटला महिनाभराची मुदतवाढ दिली, हा आणखी एक विनोद.

माझं म्हणणं असं की त्या तिघांचंही अर्धं बरोबर होतं. उपवास, व्यायाम आणि काम यांतलं एकही वाईट नाही. पण आपण या तिघांसाठी तीन वेगळी पासबुकं काढल्यासारखे वागतो आणि शरीराकडे खातं एकच असतं. रात्री अकराला आलेला साहेबांचा मेल, येऊरच्या डोंगराची चढण आणि रिकामं पोट यांना तोंड द्यायला शरीर बोलावतं ते त्याच दोघांना, अ‍ॅड्रिनालिन आणि कॉर्टिसॉलला. त्यांचं एक काम म्हणजे रक्तात साखर आणून ओतणं. ती येते यकृतातल्या साठ्यातून, आणि तो साठा असतो साधारण 100 ग्रॅमचा. एकट्या मेंदूला दिवसाकाठी सुमारे 120 ग्रॅम लागते. रात्रीच्या जेवणानंतर पहाटेपर्यंत तो साठा बराच उतरलेला असतो. त्यात ट्रेडमिल. मग शरीर चरबीकडे वळतं, थोडा हात स्नायूंवरही टाकतं. धडधाकट माणसाला हे सहज जमतं, अधूनमधून केलं तर फायद्याचंही ठरतं. फक्त नंतर भरपाईला वेळ मिळाला पाहिजे.

हान्स सेली या शास्त्रज्ञाने 1936 साली एक टिपण छापलं होतं. त्याने उंदरांना कधी थंडीत ठेवलं, कधी दमेपर्यंत पळवलं, कधी विषारी द्रव्यं टोचली. त्रास वेगवेगळे, पण आत सापडलेला बिघाड एकसारखा: अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुजलेल्या, थायमस आक्रसलेली, पोटात व्रण. आपण आज ज्याला 'स्ट्रेस' म्हणतो त्या कल्पनेचा उगम तिथला.

आपल्याकडे आयुर्वेदाचार्य वाग्भटाने हे फार आधी ओळखलं होतं. व्यायाम अर्ध्या शक्तीने करा, असं 'अष्टांगहृदय' सांगतं, ते अनेकांना ठाऊक असतं. पण ही सवलत कुणाला, ते सांगताना लोक गाळतात. ती आहे बलवान माणसाला, तूप-तेलाचं सकस खाणाऱ्याला, आणि तीही थंडीत व वसंतात. बाकीच्या दिवसांत त्याहून कमी. आपण नेमके श्रावणाच्या उपवासांत, पावसाळ्याच्या मंद भुकेवर, साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनचा सराव करत असतो. त्याच प्रकरणात पुढे वाग्भट अतिरेकाची यादी देतो. तीत व्यायाम, जागरण आणि वाटचाल एका ओळीत आहेत, आणि त्यांचा अतिरेक करणारा हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, असं बजावतो. व्यायाम चांगल्या सवयींत आणि जागरण वाईट सवयींत, अशी वाटणी त्याने केलेली नाही. कर्जत-सीएसएमटी रोज करणाऱ्याने वाटचालीच्या जागी लोकल वाचावं.

इथे कुणीतरी वारीचा दाखला देणारच. वारकरी एकादशीला उपाशी राहून दिवे घाट चढतात, मग आम्हालाच काय धाड भरलीय? दाखला खरा आहे, म्हणूनच तो नीट पाहण्यासारखा आहे. ज्ञानोबांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, पुण्यात भवानी पेठेत येते आणि तिथे दोन मुक्काम करते. मग बहुतेक वर्षी योगिनी एकादशीला पुणे ते सासवड ही वाटेतली सर्वांत मोठी मजल येते. तीसेक किलोमीटर, आणि शेवटी घाट. हडपसरला रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की घेऊन लोक उभे असतात. वारकऱ्याचा उपवास म्हणजे उपासमार नव्हे. सामान दिंडीच्या ट्रकमध्ये, डोक्यावर फार तर तुळस. चाल टाळाच्या ठेक्यावर, धाप लागेल अशी नाही, कारण तोंडाने अभंग चालू असतो. आजचे धावण्याचे प्रशिक्षकही हीच कसोटी देतात, बोलता येईल इतक्याच वेगाने पळा.

आणि सासवडला काय होतं? तिथेही दोन मुक्काम. घाट चढून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी द्वादशीला पारणं सोडतो, धोतर धुऊन वाळत घालतो, पायांना तेल चोळतो, सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घेतो आणि झाडाखाली आडवा होतो. जेजुरीची वाट त्याच्या पुढच्या दिवशी. आधी विसावा, मग उपवास आणि चढण, मग पुन्हा विसावा, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. कुणी प्रयोगशाळेत बसून आखला असता तरी याहून बरा आखता आला नसता.

आता शहरातून खास या मजलेसाठी येणाऱ्या मंडळींकडे पाहा. मला त्यांच्याविषयी आदरच आहे, आयटीतली मुलं-मुली पहाटे चारला हडपसरला येऊन उभी राहतात ही काही थट्टेची गोष्ट नाही. पण ती एकादशीची मजल तेवढी घेतात आणि मुक्काम सोडून देतात. संध्याकाळी सासवडहून गाडी, रात्री फेसबुकवर घाटाचे फोटो, सकाळी नऊला हिंजवडीचा कॉल. वारीतला कष्टाचा तुकडा घेतला आणि ज्याच्या जोरावर तो कष्ट पेलतो तो तुकडा तिथेच ठेवला. नवरात्र असो, श्रावणी सोमवार असो की इंटरमिटंट फास्टिंग, आपलं सगळीकडे हेच चाललंय.

जुन्या उपवासांना सवलतींची कलमं होती, ती आपण वाचत नाही. जैन साधू चातुर्मासात विहार थांबवून एका जागी राहतात. रमजानच्या रोज्यात आजाऱ्याला आणि प्रवाशाला सूट आहे, ते रोजे मागाहून धरता येतात. आपल्याकडेही पाणी, कंद, फळं, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असा स्पष्ट निर्वाळा आहे. तरी दरवर्षी हरतालिकेला निर्जळी धरून गोळ्या न घेणाऱ्या बायका असतातच. बायकांच्या बाबतीत तर परंपरेलाही मी सोडणार नाही. व्रत त्यांनी करायचं आणि त्याच दिवशी घरच्या बाकीच्यांचा साग्रसंगीत स्वयंपाकही त्यांनीच करायचा, हा कुठला विसावा? पुरुषांचा उपवास म्हणजे बहुतेक घरांत बायकोला एक ताट जास्त. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण कुणाला पाहून सुचली असेल, याबद्दल माझं स्वतंत्र मत आहे.

नव्या उपवासांचं वेगळंच. दीक्षित की दिवेकर, या वादावर मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर जेवढी भांडणं झाली तेवढी निवडणुकांवरून झाली नसतील. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा म्हणतात, ऋजुता दिवेकर थोडं थोडं वरचेवर खा म्हणतात. दोन्ही पंथांचे भक्त गुरूने सांगितलेल्यात आपल्या मनाची भर घालतात. दीक्षित 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायला सांगतात, भक्त त्यावर क्रॉसफिट चढवतो. कुणाला 2016 चं नोबेल आठवतं. योशिनोरी ओसुमींना ते पेशी स्वतःचाच कचरा कसा पचवतात या संशोधनासाठी मिळालं, आणि ते मुख्यतः यीस्टवर केलेलं काम होतं. यीस्टला सोमवारी सकाळी रिव्ह्यू मीटिंग नसते.

तिसऱ्या भिडूबद्दल, कामाबद्दल, आपण फार मऊ बोलतो. उपवास आणि व्यायाम निदान आपण निवडतो. कामाचे तास निवडायची सोय फार थोड्यांना असते. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचा 90 तासांचा आकडा गाजला. या दोघांच्या मधल्या काळातला नव्हे, त्याआधीचा एक आकडा मला महत्त्वाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी अधिक आढळतो. आणि लांबलेल्या तासांशी जोडलेले मृत्यू 2016 या एका वर्षात जगभरात 7 लाख 45 हजार. ज्या कंपन्या 'वेलनेस वीक' साजरा करून पायऱ्या चढायच्या स्पर्धा लावतात, त्यांनी त्या आठवड्यात संध्याकाळी सातनंतरची एक मीटिंग रद्द केली तर जास्त उपकार होतील.

मग करायचं काय? एक चढवलं की दुसरं उतरवायचं, एवढंच. उपवासाच्या दिवशी पळणं नको, अर्धा तास चाला, संथ सूर्यनमस्कार घाला. वजनं उचलायची ती जेवणाच्या दिवशी. मार्चअखेर, ऑडिट, रिलीज, परीक्षेचे पेपर तपासणं, असले आठवडे आधीच कॅलेंडरवर दिसतात, त्यांत जिमला निम्म्यावर आणा, कुणी फी परत मागत नाही. जागरण झालेल्या पहाटे पाचचा गजर बंद करून झोपणं हाही व्यायामाच्या वेळापत्रकाचाच भाग धरा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट, त्याऐवजी वरईचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक घ्या. चहाला जेवण समजू नका.

अति झालंय हे शरीर सांगतं, आपण ऐकत नाही. सकाळी उठल्याबरोबर अंथरुणातच नाडी मोजा. ती नेहमीपेक्षा दिवसेंदिवस चढी राहत असेल, दमून-भागूनही झोप लागत नसेल, महिन्यात दुसऱ्यांदा सर्दी झाली असेल, घरच्यांवर उगाच खेकसणं वाढलं असेल तर आठवडाभर हात आखडता घ्या. बायकांची पाळी चुकू लागली तर त्याला 'फिटनेस' समजू नये. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 पासून खेळाडूंच्या या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलंय. खर्चाच्या मानाने खाणं तोकडं पडलं की हाडांपासून हृदयापर्यंत सगळ्याची झीज होते, आणि पुरुषही त्यातून सुटत नाहीत. छातीत दुखणं, भोवळ, धडधड असेल तर हे सदर बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.

नवरात्रापुरती एक विनंती. ज्यांना मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे, त्यांनी घट बसायच्या आधी आठवडाभर डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्यावा, कारण पोट रिकामं असताना ही औषधं साखर धोक्याच्या खाली नेतात. आणि ज्यांच्या कचेरीत त्याच आठवड्यात मुदती येतात त्यांनी नऊ दिवसांचा हट्ट न धरता उठता-बसता उपवास करावा, पहिला आणि शेवटचा. हा पर्याय कुठल्या आहारतज्ज्ञाने काढलेला नाही, आपल्याच आज्यांनी ठेवलेला आहे, आणि देवीला तो चालतो.