खाटांची मोजणी आणि पिवळ्या पिशव्या

वाशीम जिल्ह्यातील एका ख्रिस्ती रुग्णाश्रमाच्या अधीक्षकांचे पत्र, सोबत जोडलेल्या बिलाच्या व नोटिशीच्या नकलांसह, आमच्यापुढे आहे. आणि त्याच आशयाची गाऱ्हाणी अकोला व अमरावती या शेजारच्या जिल्ह्यांतूनही येत असल्यामुळे या अंकाचे संपादकीय त्या एकाच विषयाला द्यावे, असे आम्ही ठरविले आहे. जैव-वैद्यकीय कचरा नेणाऱ्या सामाईक केंद्राने नव्या वर्षाची आकारणी आश्रमाच्या नोंदलेल्या सर्व खाटांवर आणि वर्षाच्या सर्व दिवसांसाठी केली. आणि त्याच सुमारास तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने मळलेल्या पट्ट्या-बोळ्यांच्या पिवळ्या पिशव्या ४८ तासांपेक्षा अधिक काळ आवारात ठेवल्याबद्दल आश्रमाकडेच खुलासा मागितला. ज्या गाडीने त्या पिशव्या न्यावयाच्या ती गाडी आलीच नव्हती, याचा उल्लेख नोटिशीत कोठेही नाही.

आमच्या आश्रमांतील दिनक्रम ज्यांनी एकदा तरी पाहिला असेल त्यांना या आकारणीतील अन्याय वेगळा समजावून द्यावा लागणार नाही. सकाळच्या प्रार्थनेनंतर ओट्यावर घमेली मांडली जातात, कुष्ठरोगावरील बहुऔषधी उपचारांचा (एमडीटीचा) कोर्स कित्येक वर्षांपूर्वी पुरा झालेली माणसे त्यांत पाय भिजवून बसतात, घट्टे घासून काढतात, तेल लावतात, आणि ज्याच्या तळव्याला व्रण असेल तोच काय तो ड्रेसिंगच्या खोलीकडे वळतो. जंतू केव्हाच नाहीसे झालेले असतात. उरलेली असते ती बधिरता, आणि मऊ रबराची (एमसीआरची) चप्पल झिजली किंवा चुलीजवळचा निखारा पायाखाली आला म्हणजे त्या बधिरतेतून पुन्हा उघडणारी जखम. पलीकडच्या ओळीत अर्धांगवायूने खिळलेला एखादा वृद्ध असतो, दृष्टी गेलेली एखादी आजी असते, जिच्या नातलगांनी पत्राचे उत्तर देणेही सोडून दिले आहे आणि जिच्या उशाशी तिची ट्रंक, तिचे बायबल व नाताळात मिळालेली शाल एवढाच संसार आहे. या आजीच्या खाटेखालून वर्षभरात एक तोळा पिवळा कचराही निघत नाही. तरीसुद्धा हिशेबाच्या दप्तरात तिची खाट आणि शहरातील शल्यगृहाशेजारची खाट, जिथे दररोज रक्ताने भिजलेले बोळे व सलाईनच्या नळ्या निघतात, या दोन्ही समान मानल्या जातात. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेचे हे पैसे ज्वारीतून, तेलातून आणि पट्टीच्या कापडातून वजा होतात.

आमचे म्हणणे विपरीत समजले जाऊ नये. ऑर्फा स्पायकर यांनी वाशीम येथे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय १९३८ साली सुरू केले, त्या काळी वापरलेल्या पट्ट्या जाळणे किंवा पुरणे याखेरीज दुसरी तजवीज खेड्यापाड्यांत फारशी नव्हती. ते दिवस परत यावेत अशी आमची मुळीच इच्छा नाही. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापनाचे २०१६ चे नियम चांगले आहेत. पिवळी, लाल, पांढरी, निळी ही वर्गवारी, कामगारांना कावीळ-ब व धनुर्वाताची लस, सुयांचा नाश, यांपैकी एकाही गोष्टीला आमचा विरोध नाही. परंतु ७५ किलोमीटरांच्या आत सामाईक केंद्र असेल तर संस्थेने स्वतःची प्रक्रिया-यंत्रणा उभारू नये, असे जो नियम सांगतो त्याने त्या केंद्राची गाडी वेळेवर येईल याची हमीही घेतली पाहिजे. आणि तीच ग्रामीण भागात, विशेषतः पावसाळ्यात रस्ते चिखलाने भरले म्हणजे, कोणी घेत नाही. खोल पुरण्याची परवानगी मागावी, तर ती केंद्राची सोय नसलेल्या ग्रामीण वा दुर्गम भागापुरतीच. शिवाय आमची काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, तिच्यात दोन मीटर खोल खड्डा खणून विहिरीला धोका नाही असे लिहून देण्यास कोणता अधीक्षक धजावेल? आणि जिथे दूरध्वनीसुद्धा धड लागत नाही अशा लहान आश्रमाने वार्षिक अहवाल आपल्या संकेतस्थळावर ठेवावा, असाही दंडक आहे. तीस-चाळीस आजारी माणसांची शुश्रूषा करणाऱ्या दोन सिस्टरांनी ड्रेसिंग कधी करावे, नोंदवही कधी भरावी, बारकोड कधी चिकटवावे आणि संकेतस्थळ कोणाकडून बांधून घ्यावे, याचा विचार हे कलम लिहिणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

आता आमच्याच बांधवांकडे वळणे भाग आहे. गाडी येत नाही म्हणून स्वयंपाकघराच्या मागे पट्ट्या जाळणारे आश्रम अद्याप आहेत, हे आम्ही जाणतो. लाल पिशवीत कापूस आणि पिवळीत प्लास्टिकच्या नळ्या कोंबणारे आहेत. फॉर्म ४ चा वार्षिक अहवाल ३० जूनपूर्वी द्यावयाचा असताना तो ऑगस्टात, तोही अंदाजाने आकडे भरून, पाठविणारे आहेत. अशा संस्थांमुळे आपल्या सर्वांची कैफियत दुबळी होते, कारण अधिकाऱ्यांना पहिल्याच भेटीत बोट ठेवायला जागा सापडते. ही शिथिलता सेवाभावाच्या नावाखाली खपवून घेण्यास आम्ही तयार नाही. ज्या माणसाच्या पायाची जखम आपण रोज प्रेमाने धुतो तिचीच पट्टी शेजाऱ्याच्या गोठ्याकडे धूर होऊन जाऊ देणे, हे आपल्या व्रताशीही सुसंगत नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, उद्यापासून एक साधा ताणकाटा ड्रेसिंगच्या खोलीत टांगा आणि प्रत्येक पिशवीचे वजन रोजच्या नोंदवहीत लिहा. त्यावाचून आपला कचरा किती थोडा आहे हे दाखविण्यास आपल्याजवळ आधार नाही. गाडी ४८ तासांत आली नाही की त्याच दिवशी विहित प्राधिकरणाला कारणासह लेखी कळवा, आणि पिशव्या झाकून, कुलूपबंद खोलीत ठेवल्याचेही त्यात नमूद करा. असे कळविण्याची तरतूद खुद्द नियमांतच आहे, आणि तिचा उपयोग आपल्यापैकी क्वचितच कोणी करतो. पोच घेतल्याशिवाय एकही पत्र देऊ नका. जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात देखरेख समिती असावी, असा नियम आहे, आणि तिच्यावर या क्षेत्रात काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थांनाही जागा आहे. ती जागा मागा. मागणी एकच असू द्या: निवासी खाटा आणि उपचाराच्या खाटा यांची वेगळी नोंद, व आकारणी केवळ उपचाराच्या खाटांवर. वाशीम, अकोला आणि अमरावती येथील अधीक्षकांनी स्वतंत्र अर्जांऐवजी एकत्र अर्ज द्यावा, त्यावर पाळकांची, डॉक्टरांची आणि ज्यांना सही करता येते त्या आश्रमवासीयांचीही सही घ्यावी, आणि वजनाच्या तीन महिन्यांच्या नोंदींसह त्याची एक नक्कल आमच्या कार्यालयाकडे पाठवावी. मुंबईला सचिवांपुढे ठेवावयाचा मसुदा त्या नोंदींवरूनच तयार होईल.