नाट्यगृहात रॅम्प आहे, पण स्टेजपर्यंत जातो का?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकरांचं नाटक वर्षानुवर्षं लोकलच्या वेळापत्रकावर चालत आलंय. कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर, नाहीतर डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर. व्हीलचेअरवरच्या रसिकाची तर पहिल्या घंटेआधी प्लॅटफॉर्मवरच दमछाक. त्यामुळे 'आपल्या शहरात नाट्यगृह हवं' ही मागणी रास्तच. पण कसं हवं?

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार सांस्कृतिक वापराची इमारतही 'सार्वजनिक इमारत' आहे. कलम ४४ सांगतं, सुगम्यतेचे नियम पाळले नाहीत तर बांधकाम परवानगी नाही, पूर्णत्वाचा दाखलाही नाही. जुन्या इमारतींना दिलेली ५ वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली. म्हणजे रॅम्प हा काही पालिकेचा उपकार नाही.

आणि रॅम्प बहुतेकदा प्रेक्षागृहाच्या दारापाशीच थांबतो. स्टेज, मेकअप रूम, तिथलं टॉयलेट? जणू दिव्यांग माणूस नट असूच शकत नाही!

प्रश्न भाषेचाही आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उल्हासनगर वसलं. इथल्या सभागृहात शनिवार-रविवारची तारीख सिंधी नाटकालाही मिळायला हवी, तीही हौशी संस्थेला झेपेल अशा भाड्यात.

तुमच्या शहरातल्या नाट्यगृहाचा आराखडा हाती आला, तर खुर्च्या किती हे नंतर बघा. आधी स्टेजपर्यंतची वाट शोधा.