पोरं आता कोणाकडे आहेत?

मे महिना लागला की कोकणातल्या घरांत भाचरं-पुतणी उतरतात. आठ-दहा दिवस घरात इतकी माणसं असतात, की चपला ठेवायला पायरी पुरत नाही. आणि नेमकं अशाच घरात पोरांकडे कोणाचं लक्ष नसतं. आईला वाटतं, आजीजवळ असेल. आजीला वाटतं, मावशीबरोबर आंबे गोळा करायला गेलं. मामाला वाटतं, घर भरलेलं आहे, बघेल कोणीतरी. या ‘कोणीतरी’ला नाव द्या, एवढंच माझं मागणं आहे.

मोठ्याने सांगायचं, ‘जेवणं होईपर्यंत पोरं माझ्याकडे.’ उठताना दुसऱ्याच्या हवाली करायची, ‘मी दुकानावर चाललो, आता तू बघ.’ समोरून ‘हो’ आल्याशिवाय जागा सोडायची नाही. ज्याची पाळी त्याने तेवढा वेळ मोबाइल खिशात ठेवावा, पत्त्यांच्या डावात हात घालू नये. आणि घोट घेतलेल्या माणसाच्या ताब्यात पोरं नकोत, मग तो कितीही लाडका मामा असो.

ही पाळी बायकांचीच, असं धरून चालू नका. बहीण माहेरी आलीय ती चार दिवस पाठ टेकायला. मामी पहाटेपासून घावणे काढतेय, तिची नजर तव्यावरून विहिरीपर्यंत कशी जाणार? मामांनो, काकांनो, हे काम तुमचं आहे. पोरांना झाडावर चढवून फोटो काढणं म्हणजे पोरं सांभाळणं नव्हे.

सगळ्यात वाईट वेळ दुपारी दोन ते चार. रस ओरपून झालेला असतो, पुरुषमंडळी पडवीत आडवी झालेली, बायकाही भांडी आवरून माजघरात लवंडलेल्या. शहरातल्या पोरांना त्या वेळी झोप येत नाही. ती हळूच उठतात आणि उकाड्यात कुठे जाणार? पाण्याकडेच. म्हणून दुपारची पाळी आधी ठरवा, रसाची वाटी हातात घेण्यापूर्वी. त्या माणसाने एक वाटी कमी प्यावी.

पाण्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात हलवून हाका मारतंच असं नाही. श्वास घ्यायचीच मारामार असते, हाक कुठून फुटणार? काठावर पाठ करून बसलेल्याला काही कळतही नाही. रांगत्या बाळाला तर न्हाणीतली भरलेली बादलीदेखील पुरते, तेव्हा वापर झाला की बादली उपडी. कठडा नसलेल्या किंवा बुटक्या कठड्याच्या विहिरीवर पाहुणे येण्याआधी जाळी टाका. घाटावर जाणार असाल तर शेततळ्यापासून पोरांना लांब ठेवा. आत अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो, की पोहणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. तिथे कुंपण हवं आणि काठाला बांधलेला दोर कायम पाण्यात सोडलेला हवा. कोणी पडलंच तर पाठोपाठ उडी घेऊ नका. आधी दोर, बांबू, रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते फेका आणि आरडाओरडा करून माणसं जमवा.

पोहायला मात्र जरूर शिकवा. पाठीला डबा किंवा सुके भोपळे बांधून विहिरीत पोहायला शिकण्याची आपली रीत चांगलीच आहे. फक्त शिकवणारा पाण्यात हवा, काठावर नको. गाठ सुटते, डबा सरकतो, त्याला कोणी जामीन नसतं. एका वेळी एकच नवशिका, तोही हात पुरेल एवढ्या अंतरावर. समुद्राचं गणित वेगळं, विहिरीत तरबेज झालेल्या पोरालाही तिथे एकटं सोडू नका. भरती-ओहोटी गावातल्या कोळ्यांना विचारा. त्यांनी नको म्हटलं की विषय संपला.

घरात एक फेरी मारा, खाली बसून, पोराच्या उंचीवरून. फवारणीचं औषध किंवा रॉकेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवलंय का? आजच हलवा. पोराने चुकून प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका, ती बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात. ओल्या काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं, हे आपल्याला ठाऊक असतं, पुण्याच्या पुतणीला नसतं. आणि ट्रॅक्टरवर सीट एकच असते, ती चालवणाऱ्याची.

विंचवाबद्दल कोकणात वेगळं सांगायला नको, पण पाहुण्यांना सांगा. जळणाच्या राशीत आणि दगडाच्या गडग्यात हात घालायचा नाही, चप्पल झटकून घालायची. लाल विंचू चावला आणि पोराला दरदरून घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि असे रुग्ण वाचू लागले; २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध पोटात जायला पोर वेळेत दवाखान्यात पोचायला हवं. मण्यार रात्री चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही. जमिनीवर अंथरूण घालणार असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हळद-तिखट भरू नका आणि त्याच दिवशी लस सुरू करा. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे, तिथे जायला रात्री कोणाची गाडी मिळेल, हे आधी विचारून ठेवा. १०८ नंबर सगळ्यांना पाठ असावा.

आता जरा अवघड विषय. ‘जा, काकांना पापा दे’, ‘बस ना मांडीवर, आपलेच आहेत’ असा आग्रह बंद करा. पोर आक्रसलं, मागे सरलं, तर त्याला नमस्कारावर सोडा. मोठ्यांचा अपमान होत नाही, आणि झाला तर होऊ दे. लहान मुलांशी वंगाळ वागणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, हे कटू आहे पण खरं आहे. भरल्या घरात कोण कुठे झोपणार, हे आजीने किंवा आईने ठरवावं. ‘जागा मिळेल तिथे’ पोरं झोपवू नयेत. एखादी भाची कोणा एकाजवळ जायला सारखी टाळत असेल तर तिला रागावू नका. एकीकडे नेऊन विचारा, सांगेल ते ऐका, खोटं पाडू नका. मदत लागली तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे.

म्हणूनच, गुडघा फुटला, तव्याचा चटका बसला, चोरून तिसरं आइस्क्रीम खाल्लं, काहीही असो, ‘आईला सांगू नको हं’ हे वाक्य तुमच्या तोंडून येऊ देऊ नका. लाडाने म्हटलेलं असलं तरी पोर त्यातून गुपित ठेवायला शिकतं, आणि उद्या तेच वाक्य भलता माणूस त्याच्या कानात सांगेल. चटका तुमच्या पाळीत बसला असेल तर त्याच संध्याकाळी बहिणीला गाठा आणि काय झालं ते पोरासमोरच सांगा. बहीण दोन शब्द बोलेल. ऐकून घ्या.