घड्याळाबरोबर ताटाकडेही पाहा

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे उगाच रूढ झालेली नाही. उपवास म्हटला की साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी आलीच. आता त्याच घरांत ‘सोळा-आठ’चा उपवास आला आहे. दिवसाचे आठ तास खायचे आणि उरलेले सोळा तास उपाशी राहायचे. मराठी माणसाला ही कल्पना तशी नवखी नाही. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवलेला ‘दिवसातून दोनदाच जेवा’ हा मंत्र याच वाटेवरचा.

यामागचा विचार सोपा आहे. बराच वेळ पोटात काही गेले नाही की रक्तातील इन्सुलिन उतरते, यकृतातील साखरेचा साठा संपत येतो आणि शरीर चरबी वापरू लागते. इथवर ठीक. पण ‘पेशी स्वतःची साफसफाई करतात, म्हणून उपवासाने आयुष्य वाढते’ हा दावा घाईचा आहे. पेशींच्या या साफसफाईवरील संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६चे नोबेल मिळाले हे खरे, पण त्यांचे मूळ प्रयोग यीस्टवर होते. उपवासाने माणूस जास्त जगतो, हे अजून सिद्ध झालेले नाही.

वजनाचे काय? चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर अभ्यास झाला. तो २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांचे उष्मांक सारखेच कमी केले होते. एका गटाला मात्र सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच खायचे होते. त्या गटाचे वजन सरासरी ८ किलोने घटले, दुसऱ्याचे ६.३ किलोने. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. म्हणजे किमया घड्याळाची नाही, कमी खाण्याची आहे.

तरीही ही पद्धत टाकाऊ ठरत नाही. संध्याकाळचे फरसाण, चहाबरोबरची बिस्किटे आणि रात्री साडेदहाचे जेवण तिच्यामुळे आपोआप सुटते. तिला ना पावडर लागते, ना महागडे पॅकेज. अडचण होते ती आठ तासांत वडापाव, जिलेबी आणि भाताचा डोंगर रिचवला की.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतील कोणी सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन दुपारपर्यंत उपाशी राहिले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. घाम, थरथर, चक्कर आणि वेळीच लक्ष न गेल्यास बेशुद्धी. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांसोबत लांबलेला उपवास रक्तात आम्ल वाढवू शकतो. गर्भवती, स्तनदा माता आणि वाढत्या वयाच्या मुलांनी तर या वाटेला जाऊच नये.

साठीनंतर आणखी एक हिशेब मांडावा लागतो. या वयात स्नायू झिजतात. एरवीच अर्धी भाकरी आणि वाटीभर वरणावर भागवणाऱ्या आजीचे एक जेवण कमी केले, तर चरबीआधी ताकद जाईल. म्हातारपण निरोगी हवे असेल तर डाळ, उसळ, दूध, अंडी आणि रोजचे चालणे सोडून चालणार नाही.

बहुतेकांना रात्री आठच्या आत जेवण आणि सकाळी आठला न्याहारी एवढा बारा तासांचा खंड पुरेसा आहे. त्यापुढे जायचे असेल, तर आधी औषधांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावे. उपवास लपवून केला की गोळीचा हिशेब चुकतो, आणि त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.