खोटें माप

परीक्षेचे गुण म्हणजे बुद्धीचें अचूक माप, असें मानणाऱ्यांस आमचा एकच प्रश्न आहे. महाराष्ट्रांत दहावीस २०१८ सालीं शेंकडा ८९.४१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले, २०१९ सालीं ७७.१० आणि २०२० सालीं ९५.३०. एका वर्षांत प्रांताची बुद्धि ओहोटली व पुढल्या वर्षीं तिला भरती आली काय? तसें नाहीं. २०१९ सालीं भाषाविषयांचे वीस तोंडी गुण काढून घेतले व पुढें ते परत दिले. बदललें तें माप. मुलें तशींच होतीं.

तथापि अकरावीच्या यादींत त्या सालचीं मुलें, अंतर्गत गुण लाभलेल्या इतर मंडळांच्या मुलांशीं एकाच तागडींत तोललीं गेलीं. सफाळ्याहून मुंबईच्या महाविद्यालयाची आस धरणाऱ्या मुलाला आधींच गाडी लांबची. त्यांत हें वजनही हलकें!

गुण टाकले तर वशिला येईल, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. गुण टाकूं नका. एका मापानें मोजलेल्यांचीच तुलना करा. आणि सुशिक्षित पालकहो, शिकविणारी शाळा सोडून सढळ गुण देणारें मंडळ आपण शोधीत फिरतों, तेव्हां ह्या खोट्या मापाला धार्जिणे आपणच नव्हे काय?