अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि स्टिरॉईड



वडवणीतील एका परिचित व्यापारी कुटुंबात सुनेला एकतिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी स्टिरॉईडचे इंजेक्शन सुचविताच सासूबाई घाबरल्या, "बाळाची प्रतिकारशक्ती जाईल ना?"

शंका अनाठायी नव्हती. स्टिरॉईड प्रतिकारशक्ती काहीसे दबवते. परंतु ते अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व करते, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ मध्येच दाखविले. नागपूर, बेळगावसह सहा देशांतील अभ्यासात (२०१५) मात्र गावपातळीवर त्याचा वापर वाढवूनही लाभ दिसला नाही. उलट मातांमध्ये जंतुसंसर्गाचा संशय वाढला. पुढे २०२० मध्ये पाच देशांतील सुसज्ज रुग्णालयांत, २६ ते ३३ आठवड्यांच्या गर्भवतींना ते दिले असता नवजात मृत्यू घटले आणि मातांचा संसर्गही वाढला नाही.

औषध एकच, फरक वेळेचा व व्यवस्थेचा. म्हणून रोजकीर्दीतील नोंदीइतक्याच काटेकोरपणे शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवावी. आठवड्यांचा हिशेब तिच्यावरूनच सुरू होतो. अवेळी कळा येताच घरी वाट न पाहता बीड किंवा अंबाजोगाईचे मोठे रुग्णालय गाठावे.

त्या सुनेने तारीख नोंदवली होती. म्हणूनच निर्णयास विलंब झाला नाही.