‘एवढ्या पैशांत बुलेट आली असती!’

मध्यमवर्गीय माणसाने कोणत्या गोष्टीवर किती खर्च करावा, याचे एक अलिखित दरपत्रक आपल्या समाजाने तयार करून ठेवले आहे. मुलीच्या लग्नात मंगल कार्यालयासाठी दोन-तीन लाख मोजणाऱ्या बापाला कोणी जाब विचारीत नाही. दसऱ्याला तोळाभर सोने घेणारा दूरदर्शी ठरतो. कर्ज काढून मोटार घेणारा तर प्रगतिपथावर असल्याचेच मानले जाते. मग ती मोटार आठवड्यातील सहा दिवस दाराशी धूळ खात का उभी राहीना! मात्र एखाद्या प्राध्यापकाने दीड लाख रुपये मोजून सायकल घेतली, की त्याच्या आर्थिक विवेकाविषयीच नव्हे, तर मनःस्वास्थ्याविषयीही कुजबूज सुरू होते. प्रस्तुत लेखकाने गेल्या वर्षी अशी सायकल घेतली आणि तेव्हापासून साताऱ्यात महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षापासून नात्यातल्या मुंजीपर्यंत एकच वाक्य तो ऐकत आला आहे : ‘एवढ्या पैशांत बुलेट आली असती.’

या वाक्यातील हिशेबाविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यामागील गृहीतकाविषयी. पायी चालणे, सायकल, मोटारसायकल, मोटार अशी एक शिडी असून माणसाने ती चढतच जायची असते. तेव्हा खालच्या पायरीवर उभे राहण्यासाठी वरच्या पायरीचे दाम मोजणारा तो मूर्ख, असे हे गृहीतक आहे.

ते आपोआप जन्मलेले नाही. १८९० च्या दशकात अमेरिकेत चांगल्या सायकलीला शंभर डॉलरच्या आसपास किंमत पडे व ती सुखवस्तू लोकांची चैन होती. पुढे उत्पादन वाढले, किमती कोसळल्या आणि सायकल कामगारांच्या हाती आली. आपल्याकडेही एके काळी जावयाला हातघड्याळाबरोबर सायकल मिळाली, तर लग्न थाटाचे झाले असे लोक म्हणत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला सायकल घेण्यासाठी बिनव्याजी अग्रिम मिळत असे. सातव्या वेतन आयोगानंतर तो इतिहासजमा झाला. २०११ च्या जनगणनेत देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, तर स्कूटर-मोटारसायकल २१ टक्क्यांकडे. एवढी सार्वत्रिक झालेली वस्तू प्रतिष्ठेची राहत नाही. किंबहुना, ‘त्याची सायकल सुटली’ हेच मध्यमवर्गाच्या दृष्टीने सुस्थितीचे लक्षण ठरले. ज्यांचे वडील सायकलवरून कचेरीत जात, त्यांनीच आज सायकलला सर्वाधिक नाके मुरडावीत, यात म्हणूनच नवल नाही.

आता त्या सायकलीविषयी. ती मी प्रथम पाहिली पुण्यातील एका दुकानात. ना कॅरिअर, ना मडगार्ड, ना स्टँड. हँडल एडक्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले. वजन आठ किलोंच्या आसपास. आपली नेहमीची काळी सायकल वीस किलोंच्या घरात जाते. चौकट कार्बनच्या तंतूंची. हे तंतू एकावर एक थरांत बसविताना त्यांची दिशा बदलत नेतात, त्यामुळे पॅडलच्या आसापाशी चौकट ताठ राहते आणि बैठकीखाली किंचित लवते. पायातला जोर वाया जाऊ नये आणि रस्त्याचा दणका मात्र पाठीपर्यंत पोचू नये, या दोन परस्परविरोधी मागण्या एकाच नळकांड्याने पुरवायच्या. हे मला समजले तेव्हा त्या वस्तूविषयी आदर वाटू लागला, आणि आदराचे पुढे काय होते ते वाचक जाणतातच. त्यानंतर दोन वर्षे मी कामानिमित्त पुण्याला गेलो, की त्या दुकानावरून वाट वाकडी करून येत असे. रात्री उत्तरपत्रिका तपासून झाल्या, की मागील चक्रीला दाते किती असावेत यावर वाचीत बसे. या दोन वर्षांच्या सुखाची नोंद कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नात झालेली नाही, आणि त्यासाठी मला एक पैही मोजावी लागली नाही. अखेर पत्नीनेच, ‘चित्रं पाहण्यापेक्षा आणा एकदाची,’ म्हणून निकाल दिला.

टिबोर सिटोव्हस्की या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द जॉयलेस इकॉनॉमी’ या ग्रंथात आराम आणि आनंद यांत भेद केला आहे. आराम म्हणजे त्रासाचे निवारण. आनंदाला मात्र थोडे आव्हान, थोडा ताण लागतो. संपन्न समाज आराम विकत घेता घेता आनंदाला मुकतो, असे त्याचे प्रतिपादन. बुलेट यवतेश्वरचा घाट माणसाला आरामात चढविते. माझी सायकल तो घाट चढवीत नाही. मीच तो चढतो. छातीचा भाता होतो, घाम डोळ्यांत उतरतो, तिसऱ्या वळणावर पश्चात्ताप होतो; वर पोचल्यावर साताऱ्याचे खोरे अजिंक्यताऱ्यासह समोर पसरते, ते मोटारीतून उतरणाऱ्याला दिसते त्याहून निराळे. दीड लाख रुपयांत मी कष्ट विकत घेतले, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला मान्यच आहे.

पण व्हेब्लेनला विसरून कसे चालेल? १८९९ साली त्याने दिखाऊ उपभोगाचे जे शल्यकर्म केले, त्यातून आम्ही हौशी सायकलस्वार सुटू असे मला वाटत नाही. रस्त्यावरच्या माणसाला माझ्या सायकलीची किंमत कळत नाही हे खरे. परंतु रविवारी सकाळी जमणाऱ्या टोळक्याला ती अचूक कळते. तेथे एक नवी जातिव्यवस्था नांदत असते आणि तिची मोजणी ग्रॅममध्ये चालते. पहिले दहा किलो उतरविण्यास जेवढे पैसे पडतात, जवळजवळ तेवढेच शेवटचा एक किलो उतरविण्यास पडतात. घटत्या सीमांत उपयोगितेचे याहून बोलके उदाहरण मला वर्गात देता आलेले नाही. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने शर्यतीच्या सायकलीला ६.८ किलो ही किमान मर्यादा घालून दिली आहे, आणि आमच्यातील काही गृहस्थ, ज्यांच्या पोटाचा घेर सहज सात-आठ किलोंचा असेल, त्या मर्यादेखाली जाण्यासाठी टायटेनियमचे स्क्रू मागवितात! २०१५ साली नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी जोडीने अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली, ती काही स्क्रूंच्या बळावर नव्हे.

तथापि या हौसेत एक गोष्ट अशी आहे की जी सोन्यात नाही, मोटारीतही नाही. सोने तिजोरीत जाते, मोटारीच्या काचा वर जातात. दीड लाखाची सायकल मात्र तिच्या मालकाला थेट त्या माणसाशेजारी आणून सोडते, जो सकाळी साडेसहाला जेवणाचा डबा हँडलला अडकवून औद्योगिक वसाहतीकडे निघालेला असतो. दोघांच्या सायकलींच्या किमतीत वीस-पंचवीस पटींचा फरक असेल. मागून कर्णा फुंकीत येणाऱ्या ट्रकला तो दिसत नाही. रस्त्याच्या कडेची खडी दोघांच्याही वाट्याला सारखीच येते. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते-अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. हे भय कामगाराने, दूधवाल्याने, शाळेत जाणाऱ्या मुलीने वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसले, कारण त्यांचे ऐकणारे कोणी नव्हते. आमच्या रविवारच्या टोळक्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत. त्यांचा अर्ज नगरपालिकेत कचऱ्याच्या टोपलीत सहजासहजी जात नाही. मग ही मंडळी एकमेकांना चाकांचे वजन सांगण्यात रविवार का घालवितात?

सरकारने आपल्या परीने काही केले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कामगाराच्या सायकलीला तो लाभ मिळतो, ही त्यातील विशेष चांगली गोष्ट. परंतु कर कमी केल्याने रस्ता रुंद होत नाही. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल-आराखडा मंजूर केला. त्या शहरातील सायकल-मार्गांवर उभ्या केलेल्या मोटारी पाहिल्या, की आराखडा आणि अंमलबजावणी यांतील अंतर कळते. लहान गावांनी एवढ्या मोठ्या आराखड्यांची वाट पाहू नये, असे माझे मत आहे. गटारांवरील लोखंडी जाळ्यांचेच घ्या. पुष्कळ ठिकाणी त्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसविलेल्या असतात. माझे अठ्ठावीस मिलिमीटरचे चाक तीत अडकलेच म्हणून समजावे. कामगाराचे जाड चाक कोरड्या दिवसांत निभावून जाते, पण पावसाळ्यात ओल्या लोखंडावरून तेही घसरते. ती जाळी उचलून नव्वद अंशांत फिरवून बसविण्यास दोन माणसे, एक पहार आणि अर्धा तास पुरतो. चौकोनी जाळीला तर नवे लोखंडही लागत नाही. आमच्या टोळक्याने येत्या रविवारी घाटाऐवजी गावातूनच फिरावे, अशा जाळ्या मोजाव्यात आणि त्यांची यादी सोमवारी नगरपालिकेत नेऊन द्यावी, असा प्रस्ताव मी मांडला आहे; दोघांनी होकार दिला आहे, उरलेल्यांना घाट हवा आहे.